स्टो गार होता

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. माझे मामा म्हणजे नथू उबाळे. सगळी नोकरी त्यांनी मुंबईच्या फायरब्रिगेडमध्ये काढली आणि १९९३ साली रिटायर होऊन ते गावाला आले. त्याच उन्हाळ्यात माझं आणि सतीशचं लग्न झालं. त्यामुळं त्या घरात नवीन अशी मी एकटी नव्हते, मामाही नवीनच होते. इतकी वर्षं ते सणावाराला पाहुण्यासारखे यायचे. मिठाची बरणी कुठं आणि कोयता कुठं, हे मला जेवढं ठाऊक तेवढंच त्यांना. गीताआत्या आम्हा दोघांवर एकदमच ओरडायच्या.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या आतल्या बाजूला. मधून ओहोळ जातो. अलीकडं आमची बौद्धवाडी, पलीकडं कुणब्यांचं मोठं गाव. सतीशची नोकरी कल्याणला, तो तिथंच खोली घेऊन राहायचा आणि रविवारी यायचा. मी गावाला राहिले.

घरात पाऊल टाकलं त्याच दिवशी मामांनी मला चुलीपाशी पाहिलं. डोक्यावर पदर, अंगावर लग्नातली नायलॉनची साडी.

"काढ तो पदर डोक्यावरचा," ते म्हणाले. "कमरेला खोच. आनि ही साडी सैपाकाला नको. पेटली का चिकटते अंगाला."

"चार बायका बघतील तर काय म्हणतील?" आत्या म्हणाल्या.

"म्हणतील ते मी ऐकतो. तिला कशाला ऐकवायचं?"

त्या दिवसापासून मी डोक्यावर पदर घेतला नाही. वाडीत बायका कुजबुजल्या, मग त्यांना सवय झाली.

मामांना माणसं लागायची. सकाळचा चहा झाला की पांढरा लेंगा, वर बंडी घालून ते बाहेर पडायचे. ओहोळ ओलांडून गावात, तिथून आदिवासी पाड्यावर, तिथून कोणाच्या तरी खळ्यावर. दुपारी परत येताना बरोबर कोणीतरी जेवायला असायचंच. गावात कोणाची म्हैस व्याली तरी मामा चीक खाऊन यायचे. दमा होता. धुरानं छाती खराब झालेली, चढ लागला की थांबून खोकायचे. पण थांबायचे तेही कोणाच्या तरी दारात, म्हणजे तिथंही दोन गोष्टी व्हायच्या.

आणि ते कोणाचे नव्हते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांनी त्यांना बोलावलं. दोन्हीकडं जेवले आणि दोघांनाही त्यांचं काय चुकतं ते तोंडावर सांगून आले. वाडीच्या मंडळातही तसंच. जयंतीच्या मिरवणुकीत पोरं तोंडातून रॉकेलचे फवारे उडवत मशालींचा खेळ करणार होती. मामा एकटेच नको म्हणाले. मंडळानं ऐकलं नाही तेव्हा मिरवणूकभर दोन बादल्या घेऊन त्या पोरांच्या मागून चालले. लोक हसले. तेही हसले, पण बादल्या खाली ठेवल्या नाहीत.

त्यांचा सगळ्यात जवळचा माणूस पलीकडच्या गावातला, काळूराम. शाळेत एकाच वर्गात होते. मामा मुंबईला गेले, काळूराम शेतीत राहिला. मामा परत आल्यावर दोघांचं असं काही जमलं की एक दिसला नाही तर लोक दुसऱ्याला विचारायचे. काळूरामाची बायको हौसा. पहिल्यांदा मामा ओटीवर बसले तेव्हा तिनं कोनाड्यातला वेगळा कप काढून त्यात चहा दिला. मामांनी चहा घेतला, कप विसळला आणि सरळ आत जाऊन तिच्या फळीवर बाकीच्या कपांमध्ये ठेवला.

"वयनी, आता शोधा कुठला तो," म्हणाले.

काळूराम हसून लोळला. हौसा हसली नाही. पण तो कोनाडा पुढं रिकामाच राहिला.

एकदा गावाच्या खळ्यांवर आग लागली. झोडणी संपली होती, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. कोणाच्या तरी विडीनं एक उडवी धरली, ती नेमकी काळूरामाची. सगळा गाव हंडे घेऊन तिच्यावरच पाणी ओतायला धावला. मामा धापा टाकत पोचले आणि ओरडले, "ती गेली! सोडा तिला! शेजारच्या भिजवा!" लोकांना राग आला. काळूराम मात्र म्हणाला, "नथू सांगतो तसं करा." त्याची उडवी डोळ्यांदेखत जळून राख झाली, बाकीच्या सगळ्या वाचल्या. त्या वर्षी काळूरामाच्या बैलांना गावानं पेंढा घातला.

काळूरामाचा मुलगा विठू. त्याचं लग्न माझ्यानंतर वर्षा-दीड वर्षानं झालं. मुलगी मुरबाडच्या पलीकडची, राही नावाची. उंच, सावळी, बोलायला मोकळी. ओहोळावर धुणं धुवायला ती वरच्या अंगाला, मी खालच्या अंगाला. पण बोलणं व्हायचंच. तिला माझं बिनपदराचं डोकं बघून फार गंमत वाटायची. "तुझा सासरा बरा हाय गो," म्हणायची.

पुढं तिचं हसणं कमी झालं. मूल होत नव्हतं. हौसा त्यावरून बोलायची, विठू पिऊन यायचा. एकदा तिच्या कानामागं सुजलेलं दिसलं. मी विचारलं तर म्हणाली, "नको विचारू गो. सांगितलं का परत घरी जावं लागतं ना." तिचं ते बोलणं मी मामांना सांगितलं. त्याच दिवशी मामांनी काळूरामाला गाठलं.

"सुनेला माहेरी धाड थोडे दिवस."

"भात घरात येऊं दे, मग धाडतो."

"आता धाड, काळू."

"धाडतो म्हटलं ना रे."

१९९७ची दिवाळी होऊन गेली होती. भात घरात यायचंच होतं. दुपारची वेळ, मी अंगणात उडीद पाखडत होते. पलीकडून बायकांचा आक्रोश आला. मामा जेवून आडवे झाले होते. उठले, खाटेवरची गोधडी हौदात बुडवली आणि धावले. तो दमेकरी माणूस ओहोळातून कसा गेला मला माहीत नाही. मी मागून पोचले तेव्हा राही मागच्या दारी पडली होती आणि मामांनी तिला ओल्या गोधडीत घेतलं होतं. भोवती माणसं उभी होती, कोणी पुढं येत नव्हतं. मामा घोगऱ्या आवाजात जीप आणायला सांगत होते. हौसा कपाळ बडवत होती, "स्टो भडकला गो, स्टो भडकला."

जीप येईपर्यंत मामा एकदा आत गेले. त्यांची ती सवयच होती. आग विझली तरी आतून एक फेरी मारायची, कुठं काही धुमसत राहिलंय का बघायचं. ते स्वयंपाकघरात गेले, स्टोला हात लावला. स्टो गार होता. टाकी भरलेली, वर भांडं नाही, भिंतीला काजळीचा डाग नाही. जळल्याच्या खुणा होत्या त्या मागच्या खोलीत, रॉकेलच्या आडव्या पडलेल्या डब्याजवळ.

जीपमध्ये शहापूरला जाताना राहीचं डोकं मामांच्या मांडीवर होतं. तिला शुद्ध होती. तिनं पाणी मागितलं. मग म्हणाली, "आयला सांगू नका." दुसरं काही नाही. दवाखाना यायच्या आधीच ती गेली. संध्याकाळी मामा घरी आले, कपडे अंगणातच काढले, आंघोळ केली आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मी जेवायला वाढलं. "मुंबईत लई बघितले," एवढंच म्हणाले, "पन त्यांचं नाव मला ठाऊक नसायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळूराम आला. एका रात्रीत म्हातारा दिसायला लागला होता. मी चहा ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही.

"नथू, हवालदार विचारतील. तू सांग स्टोचा भडका झाला म्हणून. तू बंबातला मानूस, तुझं ऐकतील."

"काळू, मी स्टोला हात लावला. गार होता."

"लावलास तं लावलास. सांगायला कशाला पायजे?"

"मी आपनहून जानार नाय. विचारलं तर सांगीन."

"तुला काय वाटतं? आमी जाळली तिला?"

"मला काय वाटतं ते मी कोनालाच बोलनार नाय. पेटवली का पेटली का पेटवून घेतली, मी बघितलं नाय. स्टो बघितला, तेवढा सांगीन."

"माझं पोरगं आत जाईल रे."

मामांनी त्याचा हात धरला. काळूरामानं तो सोडवून घेतला आणि उठला. चहा तसाच ठेवून तो ओहोळाकडं निघून गेला.

हवालदारांनी विचारलं आणि मामांनी सांगितलं. विठूला आणि काळूरामाला धरून नेलं. पुढं जामीन झाला, दोघे घरी आले, पण तोवर सगळं गाव बदललं होतं. पलीकडं बोलायला लागले की ओहोळापलीकडच्यानं डाव साधला, मैत्री दाखवून घर बुडवलं. ज्या खळ्यांच्या उडव्या वाचल्या होत्या, त्याच खळ्यांवर लोक बोलत होते.

वाडीतली माणसंही घाबरली. आमच्यातल्या कितीतरी घरांना पलीकडच्यांच्या शेतावर मजुरीला जावं लागायचं. विहारात बैठक बसली. बुधूतात्या वाडीतले सगळ्यात मोठे, ते म्हणाले, "नथू, खरं तुझंच असंल. पन कामावर आमच्या बाया जातात. तुझ्या साक्षीपायी त्यांना नको म्हणतील. अजून कोर्टात उभं राहायचंय, तवा सांग नीट दिसलं नाय म्हणून."

मामा खोकत होते. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मंग तुमी असं करा. पलीकडं सांगा का नथूशी आमचं काय घेनंदेनं नाय. माझ्याशी बोलू नका. तुमची कामं चालू राहतील."

मला वाटलं कोणीतरी म्हणेल, असं कसं रे. बुधूतात्यांनी मान खाली घातली. बैठक उठली. मामा सगळ्यात शेवटी बाहेर आले. घरी येताना मला म्हणाले, "लवकर मान्य केलं गो त्यांनी."

आत्यांचा राग वेगळाच होता. "तू मुंबईत राहिलास, मी इथं," त्या मामांना म्हणाल्या. "मला या बाया लागतात. बाळंतपणाला, मयताला. मी कोनाकडं बघू?" पण दोन दिवसांनी पलीकडचे दोघे दारात येऊन मामांना दरडावू लागले तेव्हा आत्याच केरसुणी घेऊन पुढं झाल्या. "आमचा मानूस हाय, आमी बघू त्याचं," म्हणाल्या. ते गेल्यावर पायरीवर बसून रडल्या.

कोर्टात नंबर लागायला वर्षं गेली. मामांची साक्ष होती त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कल्याणला गेले. आरोपीच्या वकिलानं विचारलं, "तुमचं यांच्याशी वैर आहे ना?"

"नाय साहेब. काळूराम माझा मैतर हाय."

कोर्टात हसू फुटलं. काळूराम पिंजऱ्यात उभा होता, त्यानं वर पाहिलं नाही.

वकील म्हणाला, गार म्हणजे काय, हात लावेपर्यंत किती वेळ गेला होता, निवला नसेल का. मामा म्हणाले, "असंल. मी हात लावला तवा गार होता."

त्याच दिवशी राहीच्या आईची साक्ष झाली. बाईजा तिचं नाव. लहानखुरी, हिरवी चोळी, पायात काही नाही. ती म्हणाली, माझी लेक सुखात होती, कोणाविषयी माझी तक्रार नाही. सरकारी वकिलानं परत परत विचारलं. ती तेच म्हणत राहिली.

नंतर बाहेर झाडाखाली ती एकटीच बसलेली दिसली. तिच्या बरोबरचे पुरुष विठूच्या माणसांशी बोलत होते. मामा टपरीवरून चहा घेऊन तिच्यापाशी गेले. तिनं तोंड फिरवलं.

"भाऊ, अजून एक लेक हाय घरात," ती म्हणाली. "तिचं जमलंय. तिकडचे म्हनतात, कोर्टकचेरीचं घर नको."

"चहा घ्या," मामा म्हणाले.

"ती काय बोलली का जाताना?"

मामांनी कप तिच्या हातात दिला. मग सांगितलं, "आयला सांगू नका, म्हनाली."

बाईजा कप हातात धरून बसली. चहावर साय आली तरी तिनं तो प्यायला नाही.

विठू आणि काळूराम दोघेही सुटले. मामांना मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं. ते म्हणाले, "कोर्टाचं बरोबर हाय. मी तरी कुठं बघितलं कोनी काय केलं ते?" पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात विठूचं दुसरं लग्न झालं. आवतण आमच्या वाडीत घरोघर आलं. आमचं घर वगळून पुढं गेलं.

मामा तेव्हाही सकाळी लेंगा-बंडी घालून निघायचे. पिंपळाच्या पारावर बसायचे. आधी बसलेली माणसं एकेक करत उठायची, कोणी भांडायचं नाही, म्हैस सोडायचीय, दळण आणायचंय असं पुटपुटत जायची. वाडीतही कोणी खिडकी लावून घेतली नाही की शिवी दिली नाही. बोलायचे नाहीत, इतकंच. मामांनीच तशी सोय करून दिली होती. राब भाजायच्या, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायच्या दिवसांत चहूकडं शेतांतून धूर उठायचा. पूर्वी लोक त्यांना बोलवायचे, वारा बघून द्या म्हणायचे. आता ते बांधावर उभे राहून लांबून बघायचे आणि खोकत परत यायचे.

मग ते एस.टी.नं किन्हवलीला जायला लागले. काम काही नसायचं. स्टँडवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचे. "कुठं चाललीस गो? पोर आजारी हाय का?" "तुमच्याकडं पाऊस कसा?" तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं, म्हणून सगळे बोलायचे. एकदा मी बाजाराला गेले होते, तर मामा एका अनोळखी म्हाताऱ्याला हसत हसत जयंतीच्या बादल्यांची गोष्ट सांगत होते. तितक्यात म्हाताऱ्याची गाडी आली. तो गोष्ट अर्धी सोडून धावला. मामा हसरा चेहरा तसाच ठेवून रिकाम्या बाकाकडं बघत राहिले. मी पुढं न जाता दुसऱ्या बाजूनं निघून आले.

२००३ साली आत्या गेल्या. मयताला वाडी आली, मयताला यावंच लागतं. पलीकडून कोणी आलं नाही. किन्हवलीच्या स्टँडवरचा चहावाला आणि एक कंडक्टर आले. मामा दिवसभर दारात बसून ओहोळाकडं बघत होते. सतीशनं त्यांना कल्याणला चला म्हणून सांगितलं. "तिथं चाळीत मला कोन वळखतं?" मामा म्हणाले. "इथं कोण बोलतं तुमच्याशी?" सतीश चिडून बोलला. मामा म्हणाले, "बोलत नाय. पन वळखतात तरी."

दोन पावसाळ्यांनी कळलं की काळूरामाला अर्धांगवायू झाला. मामा त्या दिवशी किन्हवलीला गेले नाहीत. काठी घेऊन ओहोळ ओलांडला. मी बरोबर गेले, कारण आता त्यांना एकट्याला ते जमत नव्हतं. हौसा दारात आली.

"झोपलेत," ती म्हणाली.

आतून काळूरामाचा आवाज येत होता. शब्द नव्हते, नुसता आवाज, कोणाला तरी बोलावत असल्यासारखा. मामा म्हणाले, "बरं. उठला का सांगा, नथू आला होता." आणि ते ओटीच्या खालच्या पायरीवर बसले. हौसा दार लावून आत गेली. ऊन पायरीवरून अंगणात सरकलं तोवर आम्ही तिथंच होतो. परत निघताना मामांनी दाराकडं तोंड करून मोठ्यानं हाक मारली, "काळू, येतो रे." आतला आवाज थांबला होता.

काळूराम त्याच महिन्यात गेला. मामा स्मशानात गेले, पण लांब, सागाच्या झाडांखाली उभे राहिले. विठूनं त्यांना पाहिलं. हाकललंही नाही, बोलावलंही नाही. सगळे परत गेल्यावर मामा चितेजवळ गेले आणि अंधार पडेस्तोवर तिथं थांबले. रविवार होता, मी सतीशला पाठवलं तेव्हा आले.

त्यानंतर किन्हवलीचं स्टँडही सुटलं. छाती इतकी भरली होती की बसल्याजागी धाप लागायची. खाट मी ओटीवर आणली, रस्ता दिसावा म्हणून. पण डोळेही गेले होते, वीतभर पुढचंच दिसायचं. पावलं ऐकू यायची. मग ते विचारायचे, "कोन गेलं गो?"

मी नाव सांगायची. बुधूतात्या गेले. पोलीसपाटील गेले. विठूची म्हैस गेली, मागून तो.

"थांबला नाय?"

"घाईत होता, मामा."

"हां. कामाचे दिवस हायत."

पुढं पुढं पावलं नसतानाही ते विचारायला लागले. रस्ता रिकामा असायचा, ऊन नुसतं तळपत असायचं. मी हातातलं काम न थांबवता कोणाचंतरी नाव घ्यायची. २००८च्या चैत्रात ते गेले, दुपारी, मी विहिरीवर पाणी आणायला गेले होते तेव्हा.